स्टेटसवरचा ढावलो

तांड्यात मोबाइलला रेंज यायची ती फक्त सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर. त्यामुळे तिथे कुणाचाच फोन खासगी नव्हता. बबिताचा फोन शुक्रवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी यायचा. तिची आई रुपीबाई जेवण आवरून आधीच ओट्यावर जाऊन बसायची आणि तिच्याभोवती शेजारच्या बायका. फोन अर्थातच स्पीकरवर.

बबिता आखातातल्या एका शहरात अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीची देखभाल करायला गेली होती. तिनं यवतमाळला रुग्णसेवेचा कोर्स केला होता. महागावात बसून माणसं परदेशी पाठवणारा नेमसिंग नात्यानं तिचा काका लागायचा. त्यानंच तिला तिकडे लावून दिलं होतं.

ती निघाली तेव्हा तिच्या सुरक्षिततेचा विचार फक्त उज्ज्वलानं केला. उज्ज्वला तिची धाकटी बहीण, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून यवतमाळच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवणारी. तिनं पासपोर्टच्या प्रती काढून बबिताच्या बॅगेच्या अस्तरात शिवल्या, दूतावासाचा नंबर तिच्या फोनमध्ये भरला, आणि एक खुणेचं वाक्य ठरवलं. संकट आलं आणि उघड बोलता येत नसलं, तर बबितानं विचारायचं, ‘मोठ्या मामाची तब्येत कशी आहे?’ त्यांना मोठा मामा नव्हता. हे वाक्य दोघींनाच माहीत होतं. गुपित जितक्या कमी जणांत तितकं टिकाऊ, असं उज्ज्वलाचं मत होतं, आणि ते पुस्तकांतही तसंच लिहिलेलं असतं.

पुढे आखातात लढाई पेटली. ज्यांचं भांडण होतं ते देश दुसरेच. पण क्षेपणास्त्रं बबिताच्या शहरावरून जाऊ लागली आणि एखाददुसरं तिथे पडूही लागलं. एका शुक्रवारी तिचा फोन आला नाही. उज्ज्वलानं लावला तर बंद. नेमसिंग म्हणाला, लढाईत नेटवर्क जातंच, त्यात काय.

मग मधल्याच एका वारी भर दुपारी रुपीबाईच्या फोनवर अनोळखी नंबर वाजला. बबिता होती. उज्ज्वला त्या वेळी वर्गावर होती. पण ती मोकळी असती तरी फरक पडला नसता. बबिताचा स्वतःचा फोन तिच्याजवळ नव्हता, आणि तिला तोंडपाठ होता तो एकच नंबर, आईचा. अस्तरात प्रती शिवणाऱ्या बहिणीनं आपला नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला नव्हता.

रुपीबाई फोन घेऊन ओट्याकडे पळाली. ओट्यावर पोचेपर्यंत बायका जमल्या. धाकटा शाम मोबाइलवर व्हिडिओ काढू लागला, कारण बऱ्याच दिवसांनी ताईचा फोन आला होता.

"याडी, बरी आहेस ना?" बबितानं आईला विचारलं. घरातलं बोलणं गोरबोलीतलं, म्हणजे बंजारा बोलीतलं. आजूबाजूच्या गावांत राहून तिच्यात वऱ्हाडी मिसळलेली. "मोठ्या मामाची तब्येत कशी आहे?"

"कोणता मोठा मामा वं?" रुपीबाई म्हणाली. "तुले एकच मामा होता, थो बी मेला. तिथं जाऊन डोस्कं फिरलं काय?"

बायका हसल्या. शेजारची सुखीबाई म्हणाली, "उन्हानं होते तसं. पोरीले कांदा ठेव म्हणा खिशात."

व्हिडिओत याच्यानंतर पलीकडून एका पुरुषाचा आवाज येतो. तो हिंदीत विचारतो, क्या हुआ. आणि मग बबिता ढावलो सुरू करते.

ढावलो म्हणजे गोर बायकांचं सुरातलं रडणं. लग्न होऊन निघालेली पोर एकेकाच्या गळ्यात पडून ते रडते. पुढे बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की त्याच चालीवर रडतात. शब्द ठरलेले नसतात, ज्याचं दुःख त्याचे शब्द. दोघी एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी ठेवतात, तोंडं विरुद्ध दिशांना, आणि एकाच वेळी रडतात. दोघी बोलतात पण कुणी कुणाचं ऐकत नाही. ऐकायचं नसतंच. हल्लीच्या पोरींना हे येत नाही, लग्नात डीजे लागतो. त्यामुळे परदेशातून, फोनवर, बबिताच्या तोंडून ते ऐकताच ओट्यावरच्या बायकांच्या अंगावर काटा आला.

आईनं उत्तर दिलंच पाहिजे. रुपीबाईनं फोन गालाशी धरला, डोळे मिटले आणि वरच्या पट्टीत सुरू केलं. तुझ्याविना अंगण ओस पडलं, तुझी शेळी तुझी वाट पाहते, तुझ्या बापाची कंबर वाकली. सुखीबाई सामील झाली. बबिता रडत राहिली, बरंच लांबवत राहिली, आणि मधेच फोन कटला.

शामनं तो व्हिडिओ स्टेटसवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो आजूबाजूच्या तांड्यांवर फिरत होता. कुणीतरी त्याच्या कडेनं गुलाबाची फुलं लावून वर ‘आपली संस्कृती जपा’ असं लिहिलं होतं. बबिताचे वडील देवीलाल यांना पाहुण्यांचे फोन येत होते, पोर असावी तर अशी.

उज्ज्वलानं तो व्हिडिओ यवतमाळला पाहिला, रात्रीच्या जेवणाआधी, आणि लगेच आईला फोन लावला.

"ताई काय म्हणे?"

"रडली वं. लय चांगली रडली. मले त वाटलं नव्हतं का तिले ढावलो येते म्हणून."

"पण म्हणे काय? कायले रडली?"

"कायले म्हणजे? मायची याद आली."

"शब्द काय होते, याडी?"

"मी माह्ये म्हणत होती, थे तिचे म्हणत होती. ढावलोत काय परीक्षा राह्यते का तुह्यासारखी?"

"मोठ्या मामाचं विचारलं तिनं. थे काहून?"

"तेच त. मी बी म्हटलं, कोणता मामा."

उज्ज्वला खाटेवर बसली. शामकडून तिनं मूळ व्हिडिओ मागवला आणि कानाला हेडफोन लावून ऐकला. स्पीकरवर टाकलेला फोन एका वेळी एकाच बाजूचा आवाज धड जाऊ देतो. इकडून बोललं की तिकडचा दाबतो, नाहीतर प्रतिध्वनी येईल. हे तिला माहीत होतं, आणि फोनही त्याचं काम चोख करत होता. रुपीबाईचा स्वर चढला की बबिता नाहीशी व्हायची. आई श्वास घ्यायला थांबली की ती वर यायची, पाण्यातून डोकं काढल्यासारखी. त्यातही ती जुने, लांबवलेले शब्द वापरत होती. उज्ज्वला आश्रमशाळेत आणि वसतिगृहात वाढलेली. तिची गोरबोली तेवढी खोल नव्हती. तिला ‘कुलूप’ कळलं. ‘आग’ कळलं. आपलं नाव कळलं. आई समोर बसून ऐकेल तर बाकीचं सांगेल, म्हणून ती पहाटेच्या बसनं निघाली.

ती घरी पोचली तेव्हा अंगणातल्या बाजेवर नेमसिंग बसला होता. हातात चहाची बशी.

"ये मास्तरीण," तो म्हणाला. "पाह्य, तुह्या घरच्यायनं काय करून ठेवलं."

"काय केलं, काका?"

"साऱ्या दुनियेले दाखवलं. माह्या बायकोनं मोबाइल आणून दिला, म्हणे आयका, कशी गोड रडते. मी आयकलं त माह्या हातातला घास हातातच राह्यला."

देवीलाल म्हणाले, "काहून? रडण्यात काय वंगाळ आहे?"

"भाऊ, तुले गोरमाटी बोली येते का विसरला? तुह्या पोरीनं मालकाची पार इज्जत काढली त्याच्यात."

आणि नेमसिंगनं बशी खाली ठेवून, बाजारभाव सांगावा तशा आवाजात, बबिताचा ढावलो सांगितला. मालक लोक बायकापोरं घेऊन भावाच्या गावी पळाले. म्हातारी हलवता येत नाही म्हणून तिला तिथेच ठेवलं आणि तिच्यासोबत मला. बाहेरून कुलूप. माझा फोन नेला, माझं नाव लिहिलेलं पुस्तक नेलं. रात्री आग उडत जाते, भिंती हलतात. हा रोटी आणणारा उभा आहे, त्याच्या फोनवर बोलते, त्याला कळेल असं बोलता येत नाही. निळी पाण्याची टाकी, शाळेच्या मागचं घर. उज्जीला सांग. याडी, रडू नको, ऐक.

सुखीबाई उंबऱ्याशी आली होती, ती तिथेच खाली बसली.

"तिनं हे सारं म्हटलं?" रुपीबाईनं विचारलं.

"तुह्याच कानापाशी म्हटलं, भाभी. तुह्याच फोनात."

"अन् तुमी काय केलं काका, हे समजल्यावर?" उज्ज्वलानं विचारलं.

"काय करन? मालकाच्या ड्रायव्हरले फोन लावला. त्याच्याच फोनवरून केलता ना तिनं. म्हटलं, बाईसाहेबाले न विचारता तू कायले फोन देते तिले? उद्या हा व्हिडिओ कोणी त्यायले समजावून सांगतला त तुही नोकरी जाईन अन् माह्यं काम. थो घाबरला. म्हणे, मी आता त्या घराकडे फिरकतच नाही."

"मग पोळी कोण नेऊन देते?"

नेमसिंगनं बशी पुन्हा उचलली.

"काका, रोटी थोच आणत होता ना? आता कोण नेते?"

"थे मी इथून काय सांगू? माह्यं काम माणूस लावून द्याचं. आधी थे स्टेटस काढा. अन् भाभी, तू एक व्हिडिओ बनव, का पोरगी सुखात आहे म्हणून. मी पाठवतो मालकाले."

देवीलाल उठले. ते नेमसिंगला मारतील असं शामला वाटलं. पण त्यांनी त्याच्या हातातली बशी घेतली, उरलेला चहा अंगणात ओतला, आणि म्हणाले, "जाय तू."

नेमसिंग गाडीला किक मारताना म्हणाला, "माह्यावर कायले जळता? तिले अडकवलं तुमी. मी त फक्त आयकलं."

त्या व्हिडिओतलं प्रत्येक वाक्य समजून घेणारा पहिला माणूस तोच होता.

उज्ज्वलानं आईला ओट्यावर नेलं. एक हेडफोन तिच्या कानात, एक आपल्या. रुपीबाईनं ओळ ऐकायची, साध्या बोलीत सांगायची, उज्ज्वलानं टाइप करायची. पण रुपीबाईला आधी स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. शेळी. अंगण. बापाची कंबर. ती हेडफोन काढून टाकायची.

"याडी, लाव."

"माह्यंच येऊन राह्यलं सारं."

"त्याच्या मधातलं आयक."

"मी जराशी चूप राह्यली असती त..."

"आयक आता."

शाम पायरीवर बसला होता. त्यानं स्टेटस काढलं होतं, पण ते फुलंवालं तसंच फिरत होतं. तो म्हणाला, "ताई, मले काय माहीत." उज्ज्वलानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

दूतावासाच्या मदत क्रमांकावरचा माणूस थकलेला होता, पण नीट बोलला. पासपोर्टचा नंबर त्यानं लगेच घेतला. मग विचारलं, बाईचं स्वतःचं म्हणणं आहे का काही, तिच्या आवाजात?

"आहे. पाठवते."

थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. "मॅडम, हे गाणं आहे का?"

"रडणं आहे. आमच्या भाषेत. खाली अर्थ लिहिला आहे."

"दोन बायका आहेत यात. कोणती तुमची बहीण?"

"जी कमी ऐकू येते ती."

त्यानं निळी टाकी आणि शाळा लिहून घेतली, त्या भागातले रस्ते बंद आहेत हे सांगितलं, आणि स्थानिक पोलिसांना कळवतो म्हणाला. जमेल तेव्हा, हे शब्द त्यानं हळू उच्चारले. उज्ज्वलाला त्याचा राग आला नाही. त्याच्याकडे अशी किती घरं असतील याचा तिला साधारण अंदाज करता येत होता, आणि तो अंदाजच तिला नको होता.

मग नुसती वाट पाहणं आलं. पाहुण्यांचे कौतुकाचे फोन थांबले नव्हते. पांढरकवड्याकडच्या एका दूरच्या मावशीनं देवीलालना विचारलं, माझ्या नातीच्या लग्नात बबिताला ढावलो शिकवायला पाठवाल का, आली म्हणजे. देवीलाल "हो" म्हणाले आणि फोन ठेवला.

बबिता सुटली ती स्वतःच्या हातानं. मागच्या दाराची बिजागरं आतल्या बाजूला होती. म्हातारीच्या मलमपट्टीच्या कात्रीनं तिनं त्यांचे स्क्रू काढले. कात्रीचं टोक तुटलं तेव्हा चमच्याच्या दांड्यानं. दार सुटल्यावर तिनं म्हातारीला चाकाच्या खुर्चीत बांधलं आणि ढकलत रस्त्यावर नेलं. पोलिसांची गाडी थांबली. म्हातारी दवाखान्यात गेली, बबिता दूतावासाच्या आसऱ्याला. दूतावासानं कळवलेला निरोप त्या पोलिसांपर्यंत पोचला होता की नाही, हे उज्ज्वलानं पुढे पुष्कळ शोधलं. पोचला नव्हता.

विमानतळावरून तिला घेऊन उज्ज्वला तांड्यावर आली तेव्हा ओटा भरलेला होता. बबिता वाळली होती, केस कापलेले होते. रुपीबाई धावत आली, लेकीच्या गळ्यात पडली, हनुवटी खांद्यावर टेकवली आणि सुरू झाली. बबिता हात खाली सोडून उभी राहिली. बायका तिच्या आवाजाची वाट पाहत होत्या. एकटीचा ढावलो फार वेळ चालत नाही; समोरून सूर आला नाही की घसा सुकतो. रुपीबाईचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

"झालं का याडी?" बबिता म्हणाली. "मले भूक लागली."

सुखीबाई कुजबुजली, "तिकडं जाऊन पोरगी दगड झाली."

"कोणासाठी रडू मावशी?" बबितानं तिच्याकडे वळून विचारलं. "तुमाले चाल आवडते फक्त."

जेवताना तिनं कुणी विचारलं नसताना सांगितलं, की ड्रायव्हर यायचा बंद झाल्यावर घरात खजूर होते आणि म्हातारीला नळीतून द्यायची पावडर होती. "अर्धी तिले, अर्धी मले. आधी वाटे, ड्रायव्हर मेला असन बॉम्बमध्ये. त्याच्यासाठी वाईट वाटे मले." ती ताट पुसून घेत होती. "नेमसिंगकाकानं त्याले रोखलं, अन् काकाले तुमी दाखवलं. थे मले इथी येऊन समजलं."

शाम अर्धं जेवण टाकून उठून गेला.

काही महिन्यांनी ती परत निघाली. या वेळी सरकारमान्य संस्थेकडून, दुसऱ्या देशात, एका वृद्धाश्रमात. सोबत कोर्समधली मैत्रीण कौसल्या होती. कौसल्याचे वडील उकंडा हे पांढरकवड्याजवळ हायवेवर ट्रकचे टायर दुरुस्त करत. निघायच्या आदल्या दिवशी यवतमाळच्या खोलीत बबिता बॅग भरत होती आणि उज्ज्वला नवी योजना सांगत होती. तिनं ती फार विचार करून आखली होती. दोन नंबर पाठ करायचे, खुणेचं वाक्य घरात सगळ्यांना माहीत असेल, फोन कधी स्पीकरवर नाही, रेकॉर्डिंग नाही.

बबितानं सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण संकटात कळवाले म्हणून मी संस्थेत घरचं नाव नाही देल्लं. कौसल्याच्या बापाचं देल्लं."

"त्यायचं काहून?"

"थे आयकते. मी एकदा त्यायच्या घरी गेलती, त मले विचारे, मग काय झालं, मग काय झालं. मधात एक शब्द नाही बोलला माणूस."

"अन् माह्यं? माह्यं बी नाही?"

बबितानं बॅगेची चेन ओढली. "तुले सांगतलं त याडी तुले विचारीन. तू तिले नाही म्हणू शकत नाही. मले माहीत आहे, मी बी शकत नाही."

"मग आमाले कसं समजन?"

"उकंडाभाऊ सांगतील, बरी आहे का नाही. तेवढंच. नंबर नाही, गाव नाही."

आता शुक्रवारी उज्ज्वला उकंडांना फोन लावते. तांड्यावर असली तर ओट्यावरून. रुपीबाई शेजारी बसलेली असते, बाकी बायका येत नाहीत. पलीकडे ट्रकांचे हॉर्न असतात. उकंडा हातातलं काम बाजूला ठेवून बोलतात.

"बरी आहे ताई. काल बोलली."

"आणखी काही म्हणे का?"

"म्हणे. पण थे मले सांगाची मनाई आहे. तुमी नाराज नका होऊ माह्यावर."

"नाही भाऊ. बरोबर आहे तुमचं."

रुपीबाई हात पुढे करते. तिला फक्त एकदा बोलायचं असतं, ती काही विचारणार नसते, रडणारही नसते, असं ती म्हणते. उज्ज्वला फोन तिच्या हातात देते. तोवर उकंडांनी तो ठेवलेला असतो. तसं त्यांना सांगून ठेवलेलं आहे, हे उज्ज्वलाला माहीत आहे. रात्री झोप आली नाही की ती बहिणीची ही व्यवस्था मनात एकेक जोड तपासत पुन्हा मांडून पाहते. तिला त्यात कुठेही चूक सापडत नाही.